अब्रुनुकसानीच्या नोटिशींबद्दल बार कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
आणि दोन्ही राज्यांतले माझे वकील बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

इंटरनेटवर लिहिलेल्या चार ओळींसाठी पन्नास लाख, एक कोटी, पाच कोटी मागणाऱ्या नोटिसा आपल्यातलेच लोक पाठवतात. गुगलवरचा रिव्ह्यू असो, फेसबुकवरची पोस्ट असो, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज असो, नाहीतर यूट्यूबखालची कमेंट. माझ्या टेबलावर आलेल्या अशा नोटिशींपैकी बहुतेकींच्या मागे दावा लावायचा विचारच नव्हता, आणि हे ती नोटीस काढणाऱ्या वकिलाला मसुदा टाइप होत असतानाच ठाऊक असणार. समोरच्याने घाबरून मजकूर काढून टाकावा, एवढ्यासाठी ती निघते. जे कोर्टाकडून मिळण्याची शक्यता कमी, ते लेटरहेडच्या जोरावर मिळवायचे. हे थांबावे म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते उघडपणे लिहिते आहे, कारण नोटीस मिळालेल्या माणसानेही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. मोठी चेंबर नाही, अशील साधे. मागे एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, क्लासच्या फीच्या पावत्या आणि इंग्रजीतली पाच पानी नोटीस. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. एका खासगी अकॅडमीत तिने फी भरली, मध्येच बॅच बंद पडली, फी परत मागितली तर फोन उचलेनात. तिने रिव्ह्यू टाकला: बॅच दोन महिने बंद आहे, फी परत देत नाहीत, प्रवेश घेण्याआधी विचार करा. त्यावर ही नोटीस. सात दिवसांत रिव्ह्यू काढा, बिनशर्त लेखी माफी मागा, पन्नास लाख भरा, अन्यथा आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल होऊन अटक होईल आणि होणाऱ्या परिणामांना व खर्चाला आपणच जबाबदार राहाल.

पाच पाने मी दोनदा वाचली. मुलीने लिहिलेल्यातला कुठला शब्द खोटा आहे, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. बॅच चालू होती असे म्हटले नव्हते, फी परत केली असेही नाही. संस्थेचा लौकिक किती मोठा आणि संचालकांना समाजात किती मान, यातच अडीच पाने गेली होती.

रिव्ह्यू तिने आधीच काढून टाकला होता. वडिलांची भीती पन्नास लाखांची नव्हतीच. तेवढे पैसे त्यांच्याकडे नाहीत हे त्यांना माहीत होते, आणि अकॅडमीलाही असणार. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “मॅडम, केस झाली तर चारित्र्य पडताळणीत पोरीची भरती जाईल का?” नोटीस काढणाऱ्याला हा प्रश्न नेमका कळलेला होता. भरतीच्या पोरांना भरती अकॅडमीच नोटीस पाठवते, तेव्हा कुठे दुखेल हे तिला सांगावे लागत नाही.

तर मग कायदा काय म्हणतो ते एकदा सरळ मांडते. आपल्याला ते ठाऊक आहे. ज्यांना नोटिसा जातात, त्यांना नसते.

ऑनलाइन बदनामीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. १८६० च्या दंड संहितेतले कलम ४९९ आणि ५०० होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आले. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि आता नव्याने समाजसेवेचाही पर्याय आहे. हा अपराध अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात गेलात तर ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, लिहून घेईल आणि कोर्टात जा म्हणून सांगेल. निव्वळ बदनामीसाठी एफआयआर होत नाही, आणि वॉरंटशिवाय पोलीस कुणाला उचलू शकत नाहीत. खासगी फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते, आणि ज्याची बदनामी झाली त्यानेच ती करायची असते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अभिनेत्री खुशबू यांच्याविरुद्धच्या २३ फिर्यादी रद्द केल्या, तेव्हा फिर्याद करणारे स्वतः व्यथित नाहीत हे त्यातले एक मुख्य कारण होते. आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २२३ ने आणखी एक पायरी घातली आहे: खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची.

असे असताना “गुन्हा दाखल होऊन अटक होईल” हे वाक्य नोटिशीत येते कुठून? ज्याने फौजदारीचे एक वर्ष जरी काम केले आहे त्याला हे वाक्य चूक आहे हे कळते. मग ते मुद्दामच लिहिलेले असते, असेच म्हणावे लागेल.

आपल्या राज्यात या भीतीला इतिहासही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केले. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या बातमीने अस्वस्थ होऊन कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या पीठाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर टाकणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही देशात ठिकठिकाणी त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाला पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. पोलिसांच्या अज्ञानावर आपण बाररूममध्ये किती बोलतो! पण त्याच ६६-अ चा उल्लेख असलेली वकिलाची नोटीस मी स्वतः हातात धरलेली आहे. २०१५ नंतरची.

दिवाणी बाजू बघू. नुकसानभरपाईच्या दाव्याला संहिताबद्ध कायदा नाही, तो न्यायनिर्णयांवर चालतो. खरे बोलणे हा तिथे पूर्ण बचाव आहे. फौजदारीत खरेपणाबरोबर लोकहितही दाखवावे लागते, पण तिथे दहा अपवाद आहेत, आणि स्वतःच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान व इतरांना सावध करण्यासाठी सद्भावनेने दिलेला इशारा हे त्यातलेच दोन. पावत्या हातात असलेल्या विद्यार्थिनीने “प्रवेश घेण्याआधी विचार करा” म्हणणे या अपवादांच्या इतके जवळ आहे की नोटीस काढण्याआधी आपण अशिलाला ते सांगायलाच हवे. आपण सांगतो का?

दावा लगेच लावायचा आणि पहिल्याच तारखेला मजकूर काढायला लावायचा, हा दुसरा मार्ग. तोही वाटतो तितका मोकळा नाही. २०११ साली टाटा सन्सने ग्रीनपीसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे, असे सांगणारा एक इंटरनेटवरचा गेम ग्रीनपीसने काढला होता, त्यात टाटांचे नाव आणि बोधचिन्ह होते. न्या. रवींद्र भट यांनी तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. माध्यम इंटरनेट आहे, तिथे मजकूर दूरवर पोचतो, म्हणून मनाईची कसोटी सैल करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आणि २२ मार्च २०२४ रोजी ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने खालच्या न्यायालयांना बजावले: लेखावर सुनावणीपूर्वीच बंदी घालायची तर तो द्वेषमूलक किंवा उघड खोटा असल्याचे दिसले पाहिजे, नाहीतर खटला चालण्याआधीच तो लेख मेला. पैसेवाल्या पक्षकाराने लांबलचक खटल्याच्या धाकाने टीकाकाराला गप्प करण्याचा जो प्रकार जगभर बोलला जातो, त्याचा उल्लेख त्या निकालात आहे. नोटिशीने तर एवढाही त्रास घ्यावा लागत नाही. न्यायाधीशासमोर न जाताच मजकूर नाहीसा होतो.

आणि त्या पन्नास लाखांचे काय? दावा खरोखर लावायचा झाला तर महाराष्ट्रात मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. नोटिशीतली रक्कम मात्र फुकट असते, म्हणून ती कितीही लिहिता येते. दाव्यात हीच रक्कम किती खाली येते हे दिवाणीचे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. बदनामीच्या दाव्याआधी नोटीस देण्याचे कायद्याने बंधन नाही, आणि नोटीस दिली म्हणून दावा लावायची मुदतही थांबत नाही. तिचा उपयोग एकच: समोरच्याला दुरुस्तीची, खुलाशाची, माफीची रास्त संधी देणे. तो उपयोग आपण बाजूला टाकला आहे.

मुदतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इंटरनेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. लेखी बदनामीच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७५ प्रमाणे एक वर्ष मिळते. वर्तमानपत्रात तारीख स्पष्ट असते. वेबसाइटवरचा मजकूर मात्र रोज कुणीतरी उघडतोच, मग रोज नवी बदनामी होते का? इंग्लंडमध्ये १८४९ सालचा एक निकाल या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ब्रन्सविकच्या ड्यूकने आपल्या नोकराला सतरा वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचा जुना अंक विकत आणायला पाठवले, आणि त्या विक्रीलाच नवे प्रकाशन म्हणून दावा केला. न्यायालयाने तो मान्य केला. हाच नियम इंटरनेटला लावला तर दहा वर्षांपूर्वीच्या पोस्टवर आजही दावा लावता येईल, कारण प्रत्येक क्लिक म्हणजे त्या नोकराची एक फेरी. इंग्लंडने २०१३ च्या कायद्याने हा नियम मोडीत काढला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने खावर बट प्रकरणात फेसबुकवरच्या मजकुराबाबत हीच दिशा घेतली: मजकूर पहिल्यांदा टाकला त्या दिवसापासून वर्ष मोजायचे, तो नुसता तिथे पडून आहे म्हणून मुदत रोज नवी होत नाही. जाणूनबुजून नव्या वाचकांसाठी पुन्हा प्रकाशित केला तर गोष्ट वेगळी. हा दिल्लीचा निकाल आहे, आपल्याकडे तो बंधनकारक नाही, हे मला मान्य आहे. पण चार वर्षांपूर्वीच्या पोस्टवर “आजही उपलब्ध असल्याने” नुकसानभरपाई मागणाऱ्या नोटिशीत या निकालाचा निर्देशही नसावा, हे वकिलीला शोभत नाही. फौजदारीत मुदत तीन वर्षांची आहे, तीही अमर नाही.

मग येतात गुगल, फेसबुक, यूट्यूब यांना पाठवलेल्या नोटिसा. “आपणांस प्रत्यक्ष माहिती दिली आहे, २४ तासांत मजकूर हटवा.” श्रेया सिंघल निकालाने ६६-अ रद्द केले एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्याच निकालात, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून अशा कंपन्यांना संरक्षण देणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम ७९ चा अर्थही लावला आहे: मध्यस्थ कंपनीला “प्रत्यक्ष माहिती” झाली असे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना मिळाल्यावरच धरायचे. कुठला मजकूर बदनामीकारक आणि कुठला नाही, हे लाखो तक्रारींतून कंपनीनेच ठरवावे, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही. विशाखा इंडस्ट्रीज प्रकरणात २०१९ साली गुगलला संरक्षण मिळाले नाही, ते २००९ च्या दुरुस्तीपूर्वीच्या जुन्या कलमामुळे. हा निकाल नोटिशीत उद्धृत करणारे त्यातली तारीख सोयीने गाळतात.

ग्रुप ॲडमिनला ओढणे ही तर आता सवयच झाली आहे. गावचा ग्रुप, अडीचशे माणसे, कुणीतरी सरपंचाबद्दल काहीबाही लिहिले, आणि नोटीस लिहिणाऱ्याबरोबर ॲडमिनलाही, कारण ॲडमिन दुकानदार आहे आणि त्याच्याकडून काही सुटण्याची शक्यता आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ सालीच सांगितले की सदस्याच्या बदनामीकारक मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरणे म्हणजे वर्तमानपत्रातल्या बदनामीसाठी कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखे आहे. २०२१ मध्ये आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात, कलमे वेगळी असली तरी तत्त्व हेच धरले: पूर्वनियोजन नसेल, समान हेतू नसेल, तर सदस्याच्या मेसेजचे खापर ॲडमिनवर फोडता येत नाही.

हे सगळे वाचून कुणी असे समजू नये की ऑनलाइन काहीही लिहिले तरी चालते. तसे अजिबात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फौजदारी बदनामीचे कलम घटनात्मक ठरवले आणि प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. माझे स्वतःचे मत त्या निकालाच्या बाजूने नाही. माणसाच्या अब्रूची भरपाई दिवाणी कोर्टात व्हावी, तुरुंगाचा धाक नसावा, असे मला वाटते. पण कायदा आज तो आहे. “फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड” लिहिल्याने कुणी सुटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात रिट्वीट करणेही प्रकाशन ठरू शकते असे म्हटले, आणि पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात ती चूक झाल्याचे मान्य केले.

फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी आपल्या मराठी पत्रकारितेतच याहून जुना धडा आहे. १८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे, या समजुतीने. ज्या पत्रांवर तो आरोप उभा होता, ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांचा हेतू कुणी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी माफीही मागितली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस ते मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात होते. तेव्हाही १८६० चीच दंड संहिता होती. सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, कायद्याच्या व्याख्येत तिच्यासोबत योग्य ती काळजी आणि दक्षता येते. आलेला स्क्रीनशॉट खरा आहे का हे न पाहता पुढे ढकलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

खरी बदनामी झालेली माणसेही माझ्याकडे येतात, आणि या पोकळ नोटिशींचा राग मला सर्वात जास्त त्यांच्यामुळे येतो. एका अंगणवाडी सेविकेचा फोटो लावून कुणीतरी मेसेज फिरवला: ही पोषण आहार विकते. साठ्याच्या नोंदवहीत एका दाण्याचा घोळ नव्हता, पर्यवेक्षिकेने येऊन तपासले होते. पण मेसेज तोवर तीन गावांत पोचला. आया पोरांना पाठवेनात. सेविकेने बाजाराला जाणे सोडले, किराणा नवरा आणायचा. तिला पन्नास लाख नको होते. ज्या ग्रुपवर हे आले, त्याच ग्रुपवर, त्याच माणसाने, हे खोटे होते असे लिहावे, एवढेच तिचे म्हणणे.

आम्ही नोटीस काढली. एक पान, मराठीत. मेसेज शब्दशः दिला, तारीख-वेळ दिली, कुठल्या नंबरवरून कुठल्या ग्रुपवर आला ते दिले, खोटे काय ते नोंदवहीच्या तारखांसकट लिहिले, आणि खुलाशाचा मजकूरही सुचवला. पुराव्याचे काम आधी केले: मूळ मेसेज ज्याच्या फोनवर आला तो फोन जपून ठेवला, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागतेच. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायच्या सांकेतिक क्रमांकासकट. नुसत्या स्क्रीनशॉटची झेरॉक्स चालत नाही.

नोटीस मिळाल्यावर त्या माणसाने आमच्याच बारमधल्या एका मित्राकडे धाव घेतली. मित्राचे त्याला मिळालेले पहिले उत्तर मला नंतर कळले: “अशा नोटिसा रोज येतात, फाडून टाक.” आपणच नोटिशीची ही किंमत करून ठेवली आहे. सेविकेला खुलासा मिळाला, पण फिर्याद दाखल करून समन्स निघाल्यानंतर. मधले सगळे महिने ती अंगणवाडीत मान खाली घालून जात राहिली.

दुसऱ्या बाजूने, ज्याच्यावर फिर्याद होते त्याचेही महिने जातात. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी मंत्री एम. जे. अकबर यांच्या बदनामीच्या फिर्यादीत सत्य आणि लोकहित हाच बचाव घेतला आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. फिर्याद ऑक्टोबर २०१८ ची होती. नामांकित वकील पाठीशी असताना दोन वर्षांहून जास्त काळ तारखा कराव्या लागल्या. आमच्या कंडक्टरसाहेबांच्या मुलीने हे कसे झेलावे?

आता कौन्सिलकडे वळते. व्यावसायिक आचाराचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने आधीच करून ठेवले आहेत. वकिलाने स्वतःला अशिलाचे केवळ तोंड समजू नये, अशिलाला गैरमार्गापासून रोखावे, तो ऐकत नसेल तर काम सोडावे, आणि पत्रव्यवहारात संयमित भाषा ठेवताना स्वतःचा विवेक वापरावा, हे त्यात स्पष्ट आहे. नोटीस हा पत्रव्यवहारच आहे. त्यामुळे नवा कायदा नको, नवी समितीही नको. आहे तो नियम नोटिशीला लागू होतो, एवढे कौन्सिलने एका परिपत्रकाने सर्व बार असोसिएशनना कळवावे.

त्या परिपत्रकात काय असावे हेही सांगते. ऑनलाइन मजकुराबद्दलच्या नोटिशीत तक्रारीचे नेमके शब्द, लिंक आणि प्रसिद्धीची तारीख दिली पाहिजे. त्यातले काय खोटे आहे आणि कशावरून, हे लिहिले पाहिजे; ते लिहिता येत नसेल तर अशिलाला परत पाठवावे. निव्वळ बदनामीसाठी एफआयआर आणि अटकेची धमकी कुठल्याही नोटिशीत असू नये. हा मुद्दा मी सर्वात महत्त्वाचा मानते, आणि त्याचे उल्लंघन झाल्यास वकील कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार ऐकली जाईल, असे कौन्सिलने म्हणावे. भरपाईची रक्कम लिहायची तर ती कशी काढली ते लिहावे. मूळ मजकूर मराठीत असेल आणि समोरचा मराठी माणूस असेल, तर नोटीस मराठीत जावी. गोव्यात त्याला समजेल त्या भाषेत. ॲडमिन, लाइक करणारे, कंपनीचे स्थानिक कर्मचारी यांना दबावासाठी गोवू नये.

ज्युनियर वकिलांच्या शिबिरांत यावर एक तास ठेवावा. त्यांच्यापैकी अनेकांना सिनियरने दिलेला जुना नमुनाच पुढे चालवायचा असतो, त्यात ६६-अ कधी मेले हे कुणी तपासलेलेच नसते. खऱ्या तक्रारदाराला कुठले मार्ग आहेत तेही तिथे शिकवावे: २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने २४ तासांत पोच आणि नियमांत ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील समितीही आहे. हा मार्ग फुकट आहे आणि अंगणवाडी सेविकेला स्वतःला वापरता येतो. मजकूर निघालाच पाहिजे असे नाही, पण तक्रार दाखल झाल्याची नोंद पुढे कोर्टात कामी येते.

ज्यांना आज अशी नोटीस आलेली आहे, त्यांनी घाबरून लगेच काही पुसू नये. आधी आपला मजकूर, पावत्या, फोनवरचे संभाषण जपून ठेवावे. लिहिलेले खरे असेल तर पुराव्यासह तसे उत्तर द्यावे. एखादे वाक्य चुकले असेल तर तेवढे दुरुस्त करून तसे कळवावे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि नोटीस म्हणजे केस नव्हे. पोलीस भरतीच्या अर्जात तिचा उल्लेख करण्याचे कारण नाही.

परिपत्रकाचा मसुदा मी मराठीत तयार केला आहे. सोबत चांगल्या नोटिशीचा एकपानी नमुना जोडला आहे, तो वरच्याच सेविकेच्या नोटिशीवरून, नावे काढून घेतलेला. हे दोन्ही कागद कौन्सिलच्या कार्यालयात पोचते करते आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला बोलावावे, ही विनंती. मुंबईला यायची माझी तयारी आहे.

आपली,
जिल्हा न्यायालयात काम करणारी एक वकील